अंकीय चित्रपट-कॅमेऱ्यांची तुलना : निकषांचा एक विचार

चित्रपटाच्या छायालेखनाविषयी अलीकडे जे लिहिले जाते त्यात कॅमेऱ्याचे नाव आणि त्यापुढे एक आकडा यांचा उल्लेख जवळजवळ अपरिहार्य होऊन बसला आहे. अमुक चित्रपट 'रेड'वर घेतला, तमुक 'अलेक्सा'वर. पहिल्याचे चित्र ४के, दुसऱ्याचे जेमतेम ३के. सबब पहिला श्रेष्ठ, अशा धर्तीची विधाने उत्पादकांच्या पत्रकांतून निघून परीक्षणांत आणि परीक्षणांतून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सहज उतरतात. यंत्राची माहिती असणे हा काही दोष नव्हे. काव्याच्या अभ्यासकाला छंदाचे ज्ञान जितके आवश्यक, तितकेच चित्रपटाच्या अभ्यासकाला कॅमेऱ्याचे. परंतु चरणातील मात्रा मोजून कवितेची प्रत ठरविणारा टीकाकार जसा हास्यास्पद ठरेल, तसाच चौकटीतील बिंदू मोजून छायालेखनाची प्रत ठरविणाराही ठरावयास हवा. तुलना करूच नये असे येथे सुचवावयाचे नाही. ती कोणत्या निकषावर करावी हा प्रश्न आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

एकाच कालखंडातील दोन यंत्रे उदाहरणादाखल घेता येतील. 'ओकली' ह्या चष्म्यांच्या कंपनीचे संस्थापक जिम जॅनर्ड यांनी काढलेल्या 'रेड' कंपनीचा 'रेड वन' हा कॅमेरा २००७ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागला. चित्राची रुंदी ४०९६ बिंदू आणि नुसत्या कॅमेऱ्याची किंमत १७,५०० डॉलर. मोठ्या पडद्यासाठी चित्रीकरण करणाऱ्यांच्या जगात ह्या दोन्ही आकड्यांनी खळबळ उडविली. ऑगस्ट आर्नोल्ड व रॉबर्ट रिख्टर यांनी १९१७ मध्ये म्यूनिक येथे स्थापन केलेल्या 'आरी' ह्या जुन्या संस्थेने तीन वर्षांनी, म्हणजे २०१० मध्ये, आपला 'अलेक्सा' आणला, तेव्हा त्याच्या नेहमीच्या वापरातील चित्राची रुंदी अवघी २८८० बिंदू होती. दोघांचा तक्ता शेजारी शेजारी मांडला तर उशिरा आलेले यंत्रच मागासलेले दिसते. आणि तरीही २०११ ते २०१५ ह्या पाच वर्षांतील ज्या चित्रपटांना छायालेखनाचे ऑस्कर मिळाले, ते 'ह्यूगो', 'लाइफ ऑफ पाय', 'ग्रॅव्हिटी', 'बर्डमॅन' आणि 'द रेव्हेनंट' हे पाचही चित्रपट पूर्णतः वा मुख्यतः अलेक्सा-कुळातील कॅमेऱ्यांवर घेतलेले होते. पारितोषिक हा गुणवत्तेचा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरे. तथापि हवे ते यंत्र घेण्याची मुभा असलेल्या जाणत्या छायालेखकांनी लहान आकड्याचे यंत्र हाती घ्यावे, ही वस्तुस्थिती स्पष्टीकरण मागते.

ते स्पष्टीकरण शोधण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. फिल्मच्या काळात कॅमेरा आणि प्रकाश टिपणारे द्रव्य ही दोन निराळी होती. 'मिचेल' असो की १९३७ चा 'आरीफ्लेक्स', कॅमेऱ्याचे काम फिल्म नेमकी ओढणे, स्थिर धरणे आणि ठरल्या क्षणी झडप उघडणे एवढेच. आरीफ्लेक्सच्या फिरत्या आरशाने छायालेखकाला भिंगातून थेट पाहण्याची सोय करून दिली, ही त्याची थोरवी. चित्राचा वर्ण आणि पोत यांत त्याचा काही वाटा नव्हता. तो वाटा कोडॅक, आग्फा वा फुजी यांच्या रसायनांचा. अंकीय कॅमेऱ्यात मात्र फिल्म यंत्रातच कायमची चिणून बसविलेली असते. सेन्सर, त्यावरील रंगगाळण्या, त्याच्यातून निघणाऱ्या विद्युत्संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारी रचना, हे सर्व मिळून जुन्या फिल्मची जागा घेतात. म्हणून आज दोन कॅमेऱ्यांची तुलना ही पूर्वीच्या अर्थाने दोन कॅमेऱ्यांची तुलना नसून, बव्हंशी दोन फिल्मांची तुलना आहे. जुन्या छायालेखकांनी फिल्मची निवड तिच्या रेखीवपणावरून क्वचितच केली. भर उन्हातील पांढरे वस्त्र ती कसे सांभाळते, सावलीतील चेहऱ्यात किती जीव ठेवते, कातडीचा रंग कोणत्या बाजूला झुकविते, हे प्रश्न ते आधी विचारीत. तेच प्रश्न आज आकड्यांच्या गर्दीत मागे पडले आहेत.

'४के' ह्या शब्दाचा अर्थही एकदा नीट पाहावयास हवा. प्रकाश टिपणारा बिंदू स्वतः रंगांध असतो. त्याला केवळ उजेडाचे प्रमाण कळते. रंग कळावा म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी वा निळी गाळणी बसवितात. तिची बहुतेक सर्वत्र रूढ असलेली मांडणी कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे पेटंट १९७६ चे आहे. तीत निम्मे बिंदू हिरवे आणि लाल व निळे प्रत्येकी पावपट असतात. रेड वनच्या ४०९६ गुणिले २३०४, म्हणजे सुमारे ९४ लाख बिंदूंपैकी लाल रंग प्रत्यक्ष पाहणारे बिंदू साडेतेवीस लाखच. उरलेल्या जागांचा लाल रंग शेजाऱ्यांवरून गणिताने अनुमानिलेला. हे अनुमान फार कुशल असते आणि पडद्यावर ते कोणास जाणवत नाही. परंतु ४के हा आकडा प्रत्यक्ष टिपलेल्या पूर्ण रंगचित्राचा आकडा नव्हे, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे. त्यात भिंगाच्या मर्यादा, कॅमेऱ्याच्या आणि पात्राच्या हालचालीने येणारी अस्पष्टता आणि प्रेक्षकाचे पडद्यापासूनचे अंतर यांची वजाबाकी करावी लागते. अंकीय प्रक्षेपणाची जी मानके हॉलीवुडच्या स्टुडिओंनी २००५ मध्ये ठरविली त्यांत २०४८ बिंदूंचे चित्रही मान्य होते, आणि पुढील अनेक वर्षे जगातील बहुसंख्य पडद्यांवर तेवढेच चित्र पडत होते. स्टीव्ह येडलिन ह्या अमेरिकी छायालेखकाने निरनिराळ्या बिंदुसंख्येच्या कॅमेऱ्यांची चित्रे एकाच प्रक्रियेतून काढून शेजारी ठेवली, तेव्हा आकड्यांतील अंतराच्या मानाने डोळ्यांना दिसणारे अंतर किती क्षीण आहे हे प्रत्यक्षच दिसले. अशी प्रात्यक्षिके वर्गात दाखविली जावीत. दहा व्याख्यानांचे काम एका तासात होईल.

अलेक्साच्या यशाचे मर्म बिंदूंच्या संख्येत नसून प्रत्येक बिंदूच्या वर्तनात होते. फिल्मचे वर्तन कसे असते हे हर्टर व ड्रिफील्ड यांनी १८९० मध्येच आलेखाने दाखवून ठेवले आहे. प्रकाश वाढत जाईल तशी फिल्मवरील घनता काही काळ सरळ रेषेत वाढते, आणि पुढे तिचा वेग हळूहळू मंदावत जातो. आलेखाला वर जो हा बाक येतो त्याला खांदा म्हणतात. खिडकीबाहेरचे आकाश फिल्मवर एकदम पांढरे होत नाही. ते पांढरेपणाकडे सावकाश जाते, आणि जाता जाता ढगाची एखादी कड मागे ठेवते. सेन्सरला असा खांदा नसतो. त्याचा बिंदू म्हणजे एक लहानसे भांडे. भरेपर्यंत प्रकाश इमानाने मोजणारे, आणि भरले की त्यापुढे आंधळे. भांडे भरल्यानंतर पडलेला प्रकाश कितीही असो, त्याची नोंद एकच: शुद्ध पांढरा. व्यवहारात चित्राचा तो भाग 'जळाला' असे म्हणतात. आरंभीच्या अंकीय चित्रपटांत दिव्याभोवती, कपाळावरच्या घामावर, पाण्यावरच्या उन्हात जो कडेला तुटलेला पांढरा ठिपका दिसे आणि ज्यामुळे चित्र 'व्हिडिओसारखे' वाटे, त्याचे मुख्य कारण हे.

अलेक्साच्या रचनाकारांनी ह्या ठिकाणी लक्ष केंद्रित केले. त्यांनी बिंदू मोठा ठेवला, ८.२५ मायक्रॉनचा, म्हणजे भांडे मोठे. शिवाय प्रत्येक बिंदूतील संकेत एकाच वेळी दोन निरनिराळ्या वर्धनमार्गांनी वाचून, एकातून छाया आणि दुसऱ्यातून दीप्ती घेऊन, त्यांचा मेळ घातला. यातून सुमारे १४ स्टॉपचा प्रकाशपल्ला हाती आला. प्रत्येक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट; तेव्हा १४ स्टॉप म्हणजे सर्वांत अंधुक आणि सर्वांत तेजस्वी यांच्यात १६,३८४ पटींचे अंतर. पण येथेही नुसत्या बेरजेने फसगत होते. मधल्या करड्या छटेच्या वर किती स्टॉप आणि खाली किती, ही वाटणी बेरजेहून अधिक महत्त्वाची आहे. आपल्या नेहमीच्या ८०० संवेदनक्षमतेवर अलेक्सा हा पल्ला मधल्या छटेच्या वर-खाली जवळजवळ सारखा विभागतो. वर सातांहून थोडे अधिक स्टॉप ठेवतो. तेजाच्या बाजूला एवढी जागा मिळाली की खांद्याचा बाक नंतर गणिताने देता येतो. रॉजर डीकिन्स यांच्यासारखा फिल्मवर हयात घालविलेला छायालेखक 'इन टाइम' (२०११) पासून ह्या कॅमेऱ्याकडे वळला, त्याचे इंगित ह्यात शोधावे लागेल. त्यांच्या 'स्कायफॉल' (२०१२) मधील शांघायच्या काचेच्या इमारतीतील झुंज आठवावी. पात्रे केवळ काळ्या आकृती आहेत, आणि उजेड सगळा मागच्या जाहिरातफलकांचा. तो उजेड चौकटीत स्वतः दिसतो, हलतो, काचेतून पुन्हा पुन्हा परावर्तित होतो. तो जळाला असता तर प्रसंगच उरला नसता. त्याच चित्रपटाच्या अखेरीस स्कॉटिश माळावर जळणाऱ्या घराच्या ज्वाळा आणि त्या ज्वाळांनीच उजळलेली पात्रे एका चौकटीत आहेत. तेथे ज्योतीचा केशरी रंग अखेरपर्यंत केशरी राहतो.

रेडच्या पक्षाला मात्र न्याय मिळाला पाहिजे. त्याचे खरे कार्य ४के हा आकडा नव्हे. सेन्सरवरचे कच्चे चित्र, त्यावर रंगाचे संस्कार होण्यापूर्वीच, आवाक्यातल्या आकारात दाबून नोंदविणे हे आहे. चार हजार बिंदूंचे १२-बिट कच्चे चित्र न दाबता नोंदवावयाचे तर सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने सुमारे ३४० मेगाबाइट लागतात. रेड वन तेच काम सेकंदाला ३६ मेगाबाइटमध्ये करी आणि ते साध्या स्मृतिपत्रावर मावे. अमेरिकेत ह्या पद्धतीचे पेटंट रेडकडे होते आणि २०१९ मध्ये अ‍ॅपलने त्याविरुद्ध केलेला अर्जही फेटाळला गेला. तुलनेच्या तक्त्यात इतर कॅमेऱ्यांपुढे एखादा रकाना रिकामा दिसतो तेव्हा तो रचनाकारांच्या उणिवेमुळेच रिकामा असतो असे नाही. कधी तो वकिलांमुळेही रिकामा असतो. २०२४ मध्ये रेड कंपनीच निकॉनने विकत घेतली.

डेव्हिड फिंचर यांच्या चित्रपटांत ह्या जादा बिंदूंचा जो उपयोग झाला तो अधिक लक्षणीय आहे. 'द सोशल नेटवर्क' (२०१०) जेफ क्रोननवेथ यांनी रेड वनवर घेतला. 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' (२०११) मध्ये ५के चित्र घेऊन अंतिम चौकट त्याच्या आतल्या भागातून काढली. 'गॉन गर्ल' (२०१४) मध्ये ६के चित्रावर तीच पद्धत पुढे गेली. शिंपी कापड बेतताना शिवणीत माया ठेवतो, तशी ही चौकटीभोवती ठेवलेली माया. तिच्यामुळे संकलनाच्या वेळी चौकट थोडी सरकविता येते, हादरा काढता येतो, आणि एका टेकमधील नट दुसऱ्या टेकमधील नटाशेजारी बसविता येतो. फिंचर यांच्या चौकटीची जी विलक्षण, जवळजवळ यांत्रिक स्थिरता टीकाकारांनी वाखाणली, तिचा बराच भाग चित्रीकरणस्थळी जन्मलेला नसून टेबलावर जन्मलेला आहे. येथे बिंदुसंख्येचा प्रश्न एकदम निराळे रूप घेतो. अधिक बिंदू म्हणजे अधिक रेखीवपणा हे उत्पादकाचे म्हणणे बाजूस राहते. अधिक बिंदू म्हणजे चौकटीचा निर्णय पुढे ढकलण्याची मुभा, हे खरे. चौकट कोणाची, कॅमेऱ्याशी डोळा लावून बसलेल्याची की सहा महिन्यांनी पडद्याशी बसलेल्याची, हा कर्तृत्वाचा प्रश्न आहे, आणि चित्रपटसमीक्षेने तो आकड्यांखालून उकरून काढावयास हवा. फिंचर यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या हाती ही मुभा शिस्तीचे साधन ठरते. इतरत्र ती आळसाचे निमित्त होऊ शकते, आणि होतेही.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप स्वाभाविकपणे येईल. रंग, तेज, कणदारपणा, सर्वच जर नंतर गणिताने घडविता येते, तर कॅमेऱ्यांची तुलना हवीच कशाला? ह्या आक्षेपात बळ आहे. बॅरी जेंकिन्स यांचा 'मूनलाइट' (२०१६) जेम्स लॅक्स्टन यांनी अलेक्सावर घेतला. परंतु त्याच्या तीन खंडांना रंगसंस्काराच्या वेळी तीन निरनिराळ्या फिल्मांची, म्हणजे फुजी, आग्फा आणि कोडॅक यांची, वळणे दिली गेली. कॅमेरा एक, चित्रे तीन. 'ड्यून' (२०२१) ग्रेग फ्रेझर यांनी अलेक्सा एलएफवर टिपला, मग ते अंकीय चित्र फिल्मवर उतरवून पुन्हा स्कॅन केले. ज्या द्रव्यापासून कॅमेरा दूर आला होता त्याच्याकडून पोत उसना आणला. अशा वेळी 'अलेक्साचा रंग' वा 'रेडचा रंग' ह्या शब्दप्रयोगांना कितपत अर्थ उरतो? विद्यार्थ्यांच्या लेखनात ते सर्रास आढळतात आणि पुष्कळदा त्यांत ग्रेडिंग करणाऱ्याचे श्रेय कॅमेऱ्याच्या नावावर जमा झालेले असते.

परंतु ह्या आक्षेपातूनच खरा निकष हाती येतो. जे नंतर घडविता येते त्यावरून कॅमेऱ्यांची तुलना करणे व्यर्थ. जे कॅमेऱ्यापाशी एकदा हरवले की पुन्हा कधीच मिळत नाही, त्यावरून ती करावी. जळलेले आकाश परत येत नाही. तसेच, बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीने वाचतात. वाचन मंद असेल तर धावत्या गाडीतून दिसणारा खांब तिरपा होतो. हा रोलिंग शटरचा दोषही मागाहून पूर्णपणे काढता येत नाही. सोनीने आपल्या एफ६५ मध्ये त्यासाठी जुन्या धर्तीची फिरती यांत्रिक झडप बसविली, आणि रेडने २०२० च्या 'कोमोडो'मध्ये सर्व बिंदू एकाच क्षणी वाचणारा सेन्सर आणला. रेखीवपणाही एकदा गेला की येत नाही, हे मान्य केले पाहिजे. फक्त प्रेक्षकाच्या जागेवरून तो गेलेला दिसतो का, एवढे विचारणे प्राप्त आहे.

ह्या न परतणाऱ्या गोष्टींत सर्वांत उपेक्षित गोष्ट आहे ती रंगाच्या भेदाची. सेन्सरवरील गाळण्यांना दोन छटा सारख्याच दिसल्या, तर त्या पुढे कोणत्याही गणिताने वेगळ्या करता येत नाहीत. गहूवर्णी गाल आणि त्यावरची किंचित लाली, सावळ्या कपाळावर पडलेला निळसर आकाशप्रकाश, ह्या छटा एकमेकींच्या फार जवळ असतात. फिल्मच्या काळी हा प्रश्न किती एकांगी रीतीने सोडविला गेला हे सर्वश्रुत आहे: कोडॅकच्या रंगीत प्रती जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना जे 'शर्ली' नावाने ओळखले जाणारे नमुनाचित्र मिळे, त्यात दीर्घकाळपर्यंत गौरवर्णी स्त्रीच असे. आज बाजारात फिरणाऱ्या तुलनेच्या तक्त्यांत बिंदूंचा रकाना असतो, स्टॉपचा असतो, वजनाचा असतो. वैशाखातल्या दुपारी सावळा चेहरा कसा दिसेल ह्याचा रकाना नसतो. ज्या देशात चित्रीकरण बव्हंशी अशाच चेहऱ्यांचे व्हावयाचे तेथील विद्यापीठांनी तरी तो आपला आपण भरावयास हरकत नसावी. त्याला यंत्रशाळा लागत नाही. दोन कॅमेरे, एक चेहरा, एक छत्री आणि दुपारचे बारा ते तीन एवढे पुरे.

वजनाच्या रकान्याबद्दल मात्र कोणी तुच्छतेने बोलू नये. 'स्लमडॉग मिलिअनेअर' (२००८) चे बरेचसे चित्रण अँथनी डॉड मँटल यांनी मुंबईच्या वस्त्यांत 'एसआय-२के' ह्या चिमुकल्या कॅमेऱ्यावर केले. त्याचा सेन्सर १६ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढाच, चित्र २के. कॅमेऱ्याचे डोके हातात, आणि नोंद करणारा संगणक पाठीवरच्या पिशवीत. मध्ये फक्त एक तार. गल्लीच्या वळणावर पोरांबरोबर त्यांच्या उंचीवरून पळू शकेल असा तो कॅमेरा होता, आणि मोठे यंत्र आणले असते तर जी बघ्यांची गर्दी झाली असती ती त्याने टाळली. चित्रात तेज ठिकठिकाणी जळते, हे खरे. पण पोलीस मागे लागल्यावर धावणाऱ्या मुलांचा तो प्रसंग ज्याने पाहिला असेल त्याला ही हानी मोजण्याची सवड मिळत नाही. मुख्यतः अंकीय साधनांवर घेतलेल्या चित्रपटाला छायालेखनाचे ऑस्कर मिळाल्याची ही पहिली वेळ. आणि ते मिळविणारा कॅमेरा त्या वर्षीच्या कोणत्याही तक्त्यात रेड वनच्या खालीच बसला असता.

याच्या दुसऱ्या टोकाला सोनीचा 'व्हेनिस' (२०१७). पूर्ण-चौकट सेन्सर, रुंदी ६के आणि ५०० व २५०० अशा दोन मूळ संवेदनक्षमता. दिवसाचा आणि रात्रीचा असे जणू दोन कॅमेरे एकात. 'टॉप गन : मॅव्हरिक' (२०२२) मध्ये सेन्सरचा भाग धडापासून अलग करून असे सहा कॅमेरे लढाऊ विमानाच्या बैठकीत बसविले गेले. तेथेही निवड ठरविली ती बैठकीतील इंचाइंचाच्या जागेने.

हे सगळे छायालेखकांना ठाऊक नाही असे थोडेच आहे? त्यांना ते पुरते ठाऊक आहे. अडचण तेव्हा उद्भवते जेव्हा आकडा हा निकष राहत नाही, तो दंडक बनतो. नेटफ्लिक्सने आपल्या निर्मितींच्या मुख्य कॅमेऱ्यासाठी किमान ३८४० बिंदूंच्या रुंदीची अट घातली. अलेक्साचा मूळ सेन्सर, कडेपासून कडेपर्यंत सगळा वापरला तरी, ३४१४ बिंदूंचाच. तेव्हा डीकिन्स यांनी ज्या सेन्सरवर 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) घेऊन ऑस्कर मिळविले तो ह्या दाराबाहेर राहिला, आणि त्याच्या कित्येक पटींनी स्वस्त असलेली यंत्रे आत गेली. अट घालणाऱ्यांची बाजू समजू शकते. घरोघरी ४के दूरचित्रवाणी संच विकले जात होते, आणि विकत घेणाऱ्याला तोच शब्द हवा होता. पण ह्या एका अटीने छायालेखकाचा निर्णय व्यापारखात्याकडे गेला. आरीने २०१४ मध्येच मोठ्या सेन्सरचा 'अलेक्सा ६५' काढला होता. अल्फोन्सो क्वारोन यांचा 'रोमा' (२०१८) त्यावर झाला आणि नेटफ्लिक्सनेच तो प्रदर्शित केला. २०१८ मध्ये 'अलेक्सा एलएफ' आला, ४४४८ बिंदूंचा. बिंदू तोच, ८.२५ मायक्रॉनचा, फक्त सेन्सर वाढविलेला. म्हणजे आकड्याची अट पाळली, पण भांडे लहान केले नाही. ह्या हट्टाचे कौतुक करावेसे वाटते.

ह्यावरून मोठा बिंदू हाच श्रेष्ठ असा नवा नियम कोणी बसवील, तर तोही टिकणार नाही. आरीनेच २०२२ मध्ये आणलेल्या 'अलेक्सा ३५' चा बिंदू ६.०७५ मायक्रॉनचा आहे, रुंदी ४.६के आहे, आणि प्रकाशपल्ला १७ स्टॉपचा सांगितला जातो. म्हणजे लहान भांड्यातही अधिक मावविण्याची युक्ती बारा वर्षांत साधली. त्याच सुमारास गॅरेथ एडवर्ड्स यांचा 'द क्रिएटर' (२०२३) सोनीच्या 'एफएक्स३' ह्या सुमारे चार हजार डॉलर किमतीच्या कॅमेऱ्यावर घेतला गेला, आणि प्रेक्षकाला त्यात हलकेपणा जाणवला नाही.

बिंदुसंख्येच्या बाजूने सर्वांत सबळ साक्ष फिंचर यांच्याच 'मँक' (२०२०) ची काढावी लागेल, आणि ती रेडची आहे. एरिक मेसरश्मिट यांनी हा कृष्णधवल चित्रपट ८के रेडवर घेतला. परंतु त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगगाळण्या बसविलेल्याच नव्हत्या. प्रत्येक बिंदू प्रत्यक्ष पाहतो, शेजाऱ्यावरून अनुमान करीत नाही. रंगीत चित्र घेऊन मागाहून रंग काढून टाकणे सोपे आणि सोयीचे होते. रंगाचा मार्गच बंद करून घेण्यात धोका होता. तो पत्करल्यामुळे जी करड्या छटांची सलगता मिळाली ती ह्या कॅमेऱ्याची स्वतःची कमाई आहे. बिंदूंचा आकडा येथे पहिल्यांदाच शब्दशः खरा होतो. गंमत अशी की, एवढी सूक्ष्मता मिळविल्यावर जुन्या चित्रपटाचा भास व्हावा म्हणून फिंचर यांनी चित्र मागाहून मऊ केले आणि त्यावर ओरखडे घातले.

हानीचा निकष कितीही उपयुक्त असला तरी त्यालाही एक अपवाद करून ठेवला पाहिजे. मायकेल मान यांचा 'कोलॅटरल' (२००४) बव्हंशी थॉमसनचा 'व्हायपर' आणि सोनीचा 'एफ९००' ह्या कॅमेऱ्यांवर घेतला गेला; छायालेखक डायन बीबी आणि पॉल कॅमेरॉन. चित्र १९२० बिंदूंचे, प्रकाशपल्ला तोकडा, रस्त्यावरचे दिवे जळालेले, आणि अंधारात सर्वत्र विद्युत्संकेताची खरखर. ह्या लेखात मांडलेल्या प्रत्येक कसोटीवर हे कॅमेरे अनुत्तीर्ण होतात. पण महानगरातील रात्र काळी नसते. रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळसर-हिरवा उजेड ढगांवर पसरून आकाश मळकट उजळलेले असते, आणि त्यापुढे ताडांची झाडे काळी उभी राहतात. त्या काळच्या फिल्मवर ही रात्र दिवे लावून घडवावी लागे आणि आकाश बहुधा काळे येई. मान यांच्या कॅमेऱ्यांना ते आकाश दिसले. टॅक्सी सिग्नलपाशी थांबते, दोन कोयोटी रस्ता ओलांडून जातात, गाडीतील दोघे काही न बोलता पाहतात. आणि त्या जनावरांच्या मागे लॉस एंजलिसची रात्र आहे, खरखरीत, मळकट उजेडाची.